गाडीचा लाईट दिसला की

साताऱ्याहून एका दादांचं पत्र आलंय. वय 47, नोकरी खुर्चीतली. 2014 ते 2018 मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा पूर्ण केलेली, बेस्ट टायमिंग दोन तास सहा मिनिटं. मग वडिलांचं आजारपण, मग कोरोना, मग नुसतंच राहून गेलं. सहा वर्षांचा गॅप, अकरा किलो वजन जास्त. दोन महिन्यांपूर्वी परत पळायला लागले तर उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो आणि डावी टाच सकाळी पहिलं पाऊल टाकलं की ठणकते. ते लिहितात:

"ताई, मिसेस म्हणते आता वय झालं, गप चालायला जा. जुन्या रनिंग ग्रुपचे मेसेज येतात पण म्यूट केलाय, एकदा फिटनेस आला की मग भेटू म्हणलं. पहाटे साडेचारला समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाटात जातो, त्या वेळेला ओळखीचं कुणी नसतं. गाडीचा लाईट दिसला की जरा स्पीड वाढवतो, बाकी आरामातच असतो. तर नी-कॅप कुठली घ्यावी? का बंदच करावं?"

दादा, नी-कॅपचं राहू द्या बाजूला. तो लाईटचा काय प्रकार आहे?

तीन वेळा वाचलं मी ते वाक्य. म्हणजे घाटात अंधार आहे, तुम्ही धापा टाकत चढावर रखडताय किंवा चक्क चालताय, चालत असणारच, अकरा किलो घेऊन यवतेश्वर कोण चढतं एका दमात, आणि तेवढ्यात वळणावर उजेड पडतो की तुम्ही छाती पुढे काढून सुटता, का तर गाडीतल्या माणसाला वाटावं की हा पळणारा माणूस आहे. गाडी गेली, लाल दिवे दिसेनासे झाले की परत कमरेवर हात. अहो पहाटे साडेचारला त्या रस्त्याला कोण असणार? दुधाची गाडी नाहीतर कासकडं निघालेले पुण्या-मुंबईचे पर्यटक. त्या दूधवाल्याला तुमचं 2018 चं टायमिंग माहितीय का? लोक त्या घाटात अंधारात बिबट्याला घाबरतात, तुम्ही ओळखीच्या माणसाला घाबरताय!

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू. पण तुमचा गुडघा दुखतोय तो ह्याच्यामुळंच दुखतोय असं मला वाटतं, वयामुळं नाही.

कारण काय होतं बघा. सहा वर्षांनी सुरू केलं की दम तसा लवकर परत येतो, काही आठवड्यांत छाती म्हणते चल. पण स्नायूबंध, हाडं ह्यांना सवय व्हायला महिनोन् महिने लागतात. छाती आणि पाय ह्यांच्यात हा जो फरक पडतो त्यातच बहुतेक जण अडकतात. त्यात तुम्ही वॉर्मअप न करता थंड अंगानं थेट चढाला भिडताय आणि मध्येच कुणाच्या तरी हेडलाईटच्या तालावर स्प्रिंट मारताय. आणि येताना तर सगळा उतारच. उतारावर गाडी आली की तुम्ही अजूनच सुटत असणार, आणि उतारावर प्रत्येक पावलाला ब्रेक लावायचं काम मांडी करते, ती थकली की बोजा गुडघ्याच्या वाटीवर. जिना उतरताना दुखतं ते त्याच जातीचं दुखणं. टाचेचं तसंच, घट्ट पोटरी आणि चढ, तळव्याचा पट्टा ओढला जातो, रात्रभर आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला बोंबलतो. शूजबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाही, म्हणजे ते 2018 चेच असणार. वरून नवे दिसत असतील, आतला फोम कधीच कडक झालाय, टाकून द्या.

सूज असेल, गुडघा अडकत असेल, रात्री झोपेत दुखत असेल नाहीतर लंगडावं लागत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, तिथं माझं पत्र कामाचं नाही. तसं काही नसेल तर बंद करायची अजिबात गरज नाही. दुखणं बारीक असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेलेलं असेल तर चालतंय. टाच मात्र त्यात बसत नाही, सकाळी ठणकतेय म्हणजे आदल्या दिवशी जास्त झालं.

आता मिसेसचं. तुम्हाला राग आलाय की ती वय काढते. तिला कुठं माहितीय तुमचं लाईट प्रकरण? तिला एवढंच दिसतंय की माणूस चोरासारखा कडी काढून जातो आणि ऑफिसला निघताना कठडा धरून एकेक पायरी उतरतो. तिनं दुसरं काय म्हणावं?

आणि "फिटनेस आला की मग भेटू" हे तर फारच झालं, पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबतात तसं. तो ग्रुप तुमच्यासोबत त्याच चढाला रडलेला आहे. त्यांच्यातला एखादा ऑपरेशन करून परत आला असेल, कुणी आता नुसतं सायकलवर असेल. आपल्या माण तालुक्याची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलला 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळाली, सगळ्या जगाच्या देखत दहावी आली. मेडल नाही म्हणून कुणी तोंड लपवलं का? जिल्हा मिरवत होता. आणि तुम्हाला यवतेश्वरला चालताना कुणी बघू नये!

तर एकच काम सांगते. येत्या रविवारी साडेचारला उठायचं नाही. सकाळी सात वाजता, लख्ख उजेडात, ग्रुपला "येतोय" असा मेसेज टाकून त्याच घाटात जायचं आणि चालायचं. पळायचं नाही, एक पाऊलसुद्धा नाही. रविवारी त्या रस्त्याला निम्मा सातारा असतो, कुणी ना कुणी विचारणारच, "काय ओ, पळत नाही का आज?" तेव्हा म्हणायचं, "गुडघा दुखतोय, सहा वर्षांनी आलोय, चालतोय." एवढं वाक्य तोंडातून निघालं की पुढचं सोपं आहे, सोमवारनंतर एक दिवसाआड स्टेडियमच्या सपाट मातीवर एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. घाटात पळणं तीन महिने विसरा. त्यात कुठं अडलं तर ग्रुपमधलं कुणीतरी सांगेल, मला विचारायची वेळ येणार नाही.

वर जाताना मागून गाडी आली तर कडेला व्हायचं आणि चालतच राहायचं.

रविवारी ओळखीचे किती जण भेटले ते कळवा. नावं नकोत, आकडा पुरे.