पाणी नितळ, तरी मासे आजारी का?

प्रश्न : आमच्या नदीत पूर्वी सांडपाणी थेट यायचं. आता ते शुद्ध करून सोडतात, पाणी नितळ दिसतं. तरी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमिट करतात, काहींच्या अंगावर लाल चट्टे आहेत. हे कशानं?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही वेळ लिहिलीत, पहाटेची, त्यातच अर्धं उत्तर आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही उरणाऱ्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री मात्र श्वसनासाठी ओढून घेतं. गाळातले जिवाणूही घेतच असतात. म्हणून सूर्योदयाआधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी उरतो. लिटरमागे ५ मिलीग्रॅम असला तर बहुतेक मासे निवांत असतात. २ च्या खाली गेला की श्वासासाठी वर धावतात. दुपारी नमुना घेतलात तर हीच नदी निरोगी वाटेल.

दुपारचं दुखणं वेगळं असतं. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, सामू, म्हणजे पाण्याचा pH, चढतो. सामू ७ वरून ८ वर गेला की सांडपाण्यातून आलेल्या आहे त्याच अमोनियाचा विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. आणि अमोनिया नितळ पाण्यातही असतो, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. आजारी मासा हाती आला की मी आधी कल्ला उचलून पाहते. निरोगी कल्ला लालभडक असतो, त्याचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे सुटे. अमोनियानं पोळलेला फिकट, बुळबुळीत असतो, पापुद्रे एकमेकांना चिकटलेले. रक्त तपकिरी दिसलं तर मला अमोनियापासून बनणाऱ्या नायट्राइटचा संशय येतो, कारण त्यानं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. असा थकलेला मासा पाण्यात एरवीही असणाऱ्या जिवाणूंना अडवू शकत नाही. तुम्हाला दिसलेले चट्टे बहुधा त्याचेच. त्यांच्यावर औषध शोधू नका, पाण्याकडे बघा.

मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या दुखण्याची. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन सोडलं होतं, लिटरमागे अवघे ५-६ नॅनोग्रॅम. नरांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, काहींच्या वृषणात अंडपेशी आढळल्या. नवी पिल्लं येईनात आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ नाहीसा झाला. गोळ्या खाणाऱ्यांच्या मूत्रावाटे हेच इस्ट्रोजेन सांडपाण्यात येतं.

पण मासे सावरतात, हेही मनापासून सांगते. त्याच देशातल्या ग्रँड नदीवर किचनर शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात २०१२ मध्ये सांडपाण्याला हवा देण्याची व्यवस्था सुधारली, अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. त्याआधी तिथल्या रेनबो डार्टर माशांतले बहुतेक नर असे अंडपेशी असलेले सापडत. तीन वर्षांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं.

म्हणून तुमच्या केंद्रात पाणी किती नितळ होतं ते विचारू नका. अमोनियाचं नायट्रेट होईपर्यंत हवा देता का, असं विचारा. आणि प्राणवायूची नोंद पहाटेची मागा.