बैर-शेबा : सात विहिरी की शपथेची विहीर?

मराठी बायबलातील 'बैर-शेबा' या (आजच्या दक्षिण इस्राएलमधील) स्थलनामाचा अर्थ कोठे 'सात विहिरी', तर कोठे 'शपथेची विहीर' असा दिलेला आढळतो. त्यांपैकी खरा कोणता, असा प्रश्न आहे.

'सात विहिरी' हा अर्थ प्रथम बाजूला ठेवावा, कारण तो हिब्रू व्याकरणात बसत नाही. 'बेएर' म्हणजे एकच विहीर. तिचे अनेकवचन 'बेएरोत' असे होते, आणि सात विहिरी म्हणायच्या असत्या तर 'शेवा बेएरोत' अशी रचना झाली असती. 'बेएर शेवा' या जोडीत मात्र षष्ठीचा संबंध आहे, म्हणजे 'सातांची विहीर' किंवा 'शपथेची विहीर'. (मराठी 'बैर' पाहून कोणाला वैर आठवेल, पण त्याचा येथे संबंध नाही, उलट कथा समेटाची आहे.)

ती कथा बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात येते. अब्राहामाने खणलेली विहीर गराराचा राजा अबीमलेख याच्या चाकरांनी बळकावली होती. तंटा मिटवताना अब्राहाम मेंढ्यांची सात माद्या-कोकरे वेगळी काढून ठेवतो आणि ही विहीर मीच खणली याची साक्ष म्हणून ती स्वीकारावीत, असे सांगतो. कोकरे मोजून सात असूनही, पुढच्याच ओळीत नावाचे कारण देताना निवेदक म्हणतो की, तेथे त्या दोघांनी शपथ वाहिली. हा श्लेष जाणूनबुजून साधलेला आहे, कारण 'शेवा' (सात), 'शेवुआ' (शपथ) आणि 'निश्बा' (त्याने शपथ घेतली) या तिन्ही शब्दांची मूळ व्यंजने तीच आहेत. एकाच अक्षराचा उच्चार स्थानपरत्वे 'ब' किंवा 'व' होतो, त्यामुळे शेबा की शेवा, हा वादही निरर्थक ठरतो.

शपथ घेणे म्हणजे मुळात 'साताने स्वतःला बांधून घेणे', असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि मलाही ते पटते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अरबांच्या करारविधीचे जे वर्णन केले आहे, त्यात दोघांच्या तळहातांवर अंगठ्याजवळ चीर देऊन ते रक्त मध्ये ठेवलेल्या सात दगडांना फासले जाते.

26व्या अध्यायात हेच नाव अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या विहिरीवरून पडल्याचे पुन्हा सांगितले आहे. तेथे विहिरीचे नाव 'शिबआ' आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'शपथ' असा अर्थ घेतला, तर बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने 'विपुलता' असा. याचे कारण लिपीत आहे: हिब्रूत 'श' आणि 'स' यांसाठी एकच अक्षर असून त्यांतील भेद दाखवणारा बिंदू फार उशिरा आला, आणि 'स' वाचल्यास तृप्तीचा शब्द तयार होतो.

तेव्हा मराठीत एकच अर्थ द्यायचा झाल्यास 'शपथेची विहीर' द्यावा, कारण तो खुद्द मजकुराने दिलेला आहे. सातांचा उल्लेख टीपेत करावा. दावीद राजाची पत्नी 'बथशेबा' हिच्या नावातील 'शेबा'ही हाच. शलमोनाला भेटायला आलेल्या राणीचा 'शबा' देश मात्र निराळा, कारण त्याच्या शेवटी 'अयिन' नसून 'आलेफ' हे अक्षर आहे. अरबीत या गावाला 'बीर अस्-सबा' म्हणतात; अरबीत 'सबा' म्हणजे सात, पण जवळजवळ तसाच उच्चारला जाणारा एक शब्द हिंस्र श्वापदासाठी, विशेषतः सिंहासाठीही आहे, आणि त्यामुळे 'सिंहाची विहीर' अशी लोकव्युत्पत्तीही ऐकू येते.