मेळाव्याला प्रथमच जाणाऱ्यास

‘आपण फक्त तंत्रज्ञानावर बोलू, राजकारण नको’ असा आग्रह धरून हॅकरांच्या मेळाव्यात जाऊ नये. 1981 मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर-संघटनेच्या सदस्यांनी 1984 मध्ये पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याच्या बीटीएक्स या दूरध्वनीवरून चालणाऱ्या ऑनलाइन सेवेतून एका बँकेचे सुमारे 1,34,000 मार्क रातोरात वळते करून जाहीरपणे परत केले, तेव्हा प्रश्न सेवेच्या सुरक्षेतील त्रुटीइतकाच दूरसंचारावरील सरकारी मक्तेदारीचाही होता. पक्षप्रचार मात्र वेगळा, आणि मला तरी तो तेथे कंटाळवाणाच वाटतो. छायाचित्र काढण्यापूर्वी चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घ्यावी, कारण पाळतीला असलेला विरोध भाषणांपेक्षा या सवयीत अधिक दिसतो. शक्य झाल्यास स्वयंसेवकांच्या पाळीत नाव नोंदवावे. प्रवेश कोणाला नाकारावा, प्रायोजक कोणते घ्यावेत, यांवरचे खरे वाद तेथेच कानांवर पडतात.