कातळशिल्पांच्या नोंदींसाठी ऑब्सिडियनमधील नव्या सुविधा मोबाईलवर कितपत उपयोगी आहेत?

आपण राजापूर तालुक्यातील कातळशिल्पांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर कोरलेल्या प्राचीन आकृत्यांवर, दीर्घ लेख लिहीत आहात, टिपणे आणि लेखन दोन्ही मोबाईलवरच करता आणि नव्या सुविधांसाठी जुने ॲप सोडून ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपकडे यावे का, असे विचारता. मी रत्नागिरीत राहून याच विषयाच्या नोंदी या ॲपमध्ये ठेवते. माझे मत असे की अवश्य यावे, आणि तेही मुख्यतः 'बेसेस' या एका सुविधेसाठी.

२०२३ मध्ये या ॲपमध्ये 'प्रॉपर्टीज' आल्या, म्हणजे प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर गाव, दिनांक, लांबी अशी ठरावीक रकान्यांतील माहिती भरता येऊ लागली. २०२५ मध्ये आलेल्या 'बेसेस'मुळे विखुरलेल्या टिपणांतील हीच माहिती एका तक्त्यात दिसते, गाळून पाहता येते आणि तक्त्यातूनच दुरुस्तही करता येते. कातळशिल्पांच्या कामात याचे मोल मोठे आहे, कारण आपल्याकडे एकाच आकृतीविषयी तीन प्रकारची माहिती जमते: स्वतः मोजलेली, गावकऱ्यांनी सांगितलेली आणि छापील लेखांतून घेतलेली. लिहायला बसल्यावर ही सरमिसळ निस्तरणे फार अवघड जाते. म्हणून 'माहितीचा उगम' आणि 'पडताळले' हे दोन रकाने पहिल्याच दिवशी करावेत, असा माझा आग्रह आहे. कशेळीच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) निघण्यापूर्वी गाव 'कशेळी' आणि 'पडताळले' रिकामे, एवढी गाळणी लावली की तेथील मोठ्या हत्तीच्या आकृतीत कोरलेल्या प्राण्यांपैकी कोणते पुन्हा पाहायचे राहिले आहेत, ते समोर येते.

देवाचे गोठणे येथील टिपणात आणखी एक काळजी घ्यावी. तेथील आडव्या मानवाकृतीजवळ होकायंत्र योग्य दिशा दाखवत नाही, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. मोबाईलचे होकायंत्रही चुंबकीय क्षेत्रावरच चालते, त्यामुळे त्याने दाखवलेली दिशा रकान्यात तशीच उतरवू नये. ती सूर्याच्या स्थितीवरून किंवा नकाशावरून ठरवावी आणि कशी ठरवली तेही लिहावे. छायाचित्राची वेळ मात्र न चुकता नोंदवावी, कारण जांभ्यावरील उथळ रेषा सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात.

सड्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो. या ॲपमधील टिपणे मोबाईलमध्येच साध्या मजकुराच्या फाइल्स म्हणून राहतात, त्यामुळे नेटवर्क नसतानाही लिहिणे, शोधणे आणि तक्ता पाहणे चालू राहते, आणि उद्या ॲप बदलले तरी मजकूर अडकून पडत नाही. लहान पडद्यावर अनेक रकान्यांचा तक्ता वाचणे त्रासाचे होते, तेव्हा छायाचित्रासह कार्डांची मांडणी निवडावी.

मराठीत लिहिणाऱ्याला शोधाची एक अडचण हमखास येते. 'किनाऱ्यावर' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण एका कीबोर्डवर टंकलेला शब्द दुसऱ्या रूपात शोधला तर टिपण सापडत नाही. एकच कीबोर्ड कायम ठेवावा आणि इतरांचा मजकूर चिकटवला असेल तर नुसते 'किना' एवढेच शोधावे. जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांवरून गूगल लेन्सने मजकूर उचलताना घ-ध, भ-म आणि ब-व यांची अदलाबदल होते. विशेषतः वाड्यांची नावे आणि आडनावे मूळ पानाशी ताडून पाहावीत.

संदर्भांची यादी आणि पीडीएफवरील खुणा यांसाठी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे ॲप वेगळे ठेवावे. ते काम ऑब्सिडियनवर लादू नये. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेल्यापासून या विषयावर बातम्या पुष्कळ येतात आणि त्यातील मापे एकमेकांशी जुळतातच असे नाही. बातमीतील माप टिपणात घेतले तर त्याचा दुवाही तेथेच द्यावा.

दोन उपकरणांवर टिपणे ठेवायची असतील तर ॲपची स्वतःची सिंक सेवा सशुल्क आहे. ती घेतली नाही तरी चालेल, पण सड्यावरून घरी परतल्यावर संपूर्ण फोल्डरची प्रत त्याच संध्याकाळी संगणकावर काढून ठेवावी.