‘मी रंग बघतच नाही’ म्हणणारा गोरा माणूस वंशवादविरोधी असतो का?

नाही, फार तर त्याची ती सुरुवात असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅनेट हेल्म्स यांनी १९८४ मध्ये गोऱ्यांच्या वांशिक ओळखीचे टप्पे मांडले, त्यात ‘रंग दिसतच नाही’ हा पहिलाच. (आपल्याकडचं ‘आमच्या घरात जात कधी निघालीच नाही’ आठवा.) पुढे डोळ्यांदेखत काळ्या माणसावर अन्याय होतो, अपराधी वाटतं, आणि गाडी इथेच अडते: बरेच जण ‘काळ्यांचंच काहीतरी चुकत असेल’ म्हणत मागे फिरतात. जे फिरत नाहीत ते आधी काळ्यांना सुधारायला धावतात. स्वतःच्या गोरेपणाकडे बघणं त्यानंतर. ते कसं बघायचं? पेगी मॅकिन्टॉश या गोऱ्या अभ्यासक बाईंनी १९८०च्या दशकात गोरेपणामुळे स्वतःला रोज आयत्या मिळणाऱ्या सवलतींची यादीच केली. त्यातली एक: ‘कातडीच्या रंगाची’ म्हणून मिळणारी बँड-एड त्यांच्या कातडीला बऱ्यापैकी जुळते. मात्र हे टप्पे शाळेच्या इयत्ता समजू नका. एकच माणूस ऑफिसात एका टप्प्यावर आणि घरी जेवायला बसल्यावर दुसऱ्याच टप्प्यावर असू शकतो. हेल्म्स यांनीही १९९५ मध्ये ‘टप्पा’ सोडून ‘स्थिती’ हा शब्द घेतला.