हॉस्पिटलचा प्रमुख डॉक्टरच हवा का? मॅनेजमेंट शिकलेला माणूस जास्त चांगलं चालवणार नाही का?

डॉक्टरच हवा. आणि हे मी डॉक्टर नसताना सांगतेय, सिस्टर आहे, डॉक्टरांची आरती ओवाळायची मला काही हौस नाही.

आमच्याकडे एक मॅनेजमेंटवाले साहेब आले होते. हुशार माणूस, बिलिंगची रांग कमी केली, परचेसमधली गडबड बंद केली, सगळं मान्य. मग त्यांची नजर गेली क्रॅश कार्टवर, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडलं की धावत आणायची औषधांची आणि शॉक मशीनची ट्रॉली. त्यांच्या शीटमध्ये वापर जवळजवळ शून्य आणि एक्स्पायरी झालेली अ‍ॅड्रेनॅलिन दर वेळी फेकली जातेय, म्हणून ठरवलं की दोन वॉर्डांत मिळून एकच कार्ट. मी म्हटलं, साहेब, ती वापरावी लागत नाही हे नशीब समजा. तर म्हणे, "सिस्टर, भावनिक होऊ नका, डेटा बघा." ते 'भावनिक' अजून झोंबतं.

आमचे मेडिकल डायरेक्टर छातीचे डॉक्टर, त्यांनी वाद घातलाच नाही. राउंड संपल्यावर साहेबांना वॉर्डात बोलावलं, रिकाम्या बेडवर उशी ठेवली, मला म्हणाले कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, सुरू करा, आणि साहेबांना म्हणाले, जा, कार्ट आणा. साहेब गेले, येताना मधल्या दाराच्या पट्टीला चाक अडलं, पुढे जेवणाची ट्रॉली आडवी, इकडे मी उशी दाबून घामाघूम आणि डॉक्टर घड्याळ बघत मोठ्याने मिनिटं मोजतायत. शॉकने सुरू होऊ शकणारं हृदय असेल तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटाला जगायची शक्यता कॉम्प्रेशन नसेल तर साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, आणि कॉम्प्रेशन चालू असलं तरी 3 ते 4 टक्क्यांनी. कार्ट आली तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "पेशंट गेला, साहेब." ऑर्डर दुसऱ्याच दिवशी मागे.

हेच मी सांगून झालं नव्हतं. डॉक्टरच्या खुर्चीतून झालं, कारण खुर्चीतल्या माणसाने स्वतः तिथे उभं राहून हात दुखवून घेतलेत.

आकडेच हवे असतील तर संशोधक अमांडा गुडॉल यांचा 2011 चा अभ्यास बघा, अमेरिकेतल्या नावाजलेल्या हॉस्पिटल्सपैकी जिथे सीईओ डॉक्टर होता तिथले क्वालिटी स्कोअर साधारण 25 टक्के जास्त निघाले. अमेरिकेतलं क्लीव्हलंड क्लिनिक हे मोठं हॉस्पिटलही 2004 ते 2017 टोबी कॉसग्रोव्ह या हार्ट सर्जननेच चालवलं. आता खरं सांगायचं तर त्या अभ्यासातून डॉक्टरमुळेच स्कोअर वाढले असं सिद्ध होत नाही, चांगली हॉस्पिटल्सच डॉक्टरला प्रमुख नेमत असतील. आणि ज्याला साधा ड्युटी रोस्टर लावता येत नाही असे नामांकित सर्जनही मी पाहिलेत, त्यांच्या हातात पगाराचा हिशोब दिला तर संपलंच. त्यामुळे शेजारी पक्का फायनान्सवाला द्या, आणि प्रमुखाची ओपीडी आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवा, नाहीतर तोही शीटच बघायला लागतो.

आणि ते साहेब हे वाचत असतील तर, वापर शून्यच होता, बरोबर. भिंतीवरच्या आग विझवायच्या सिलिंडरचाही शून्यच होता, तो का नाही काढलात?