वणव्यानंतर फुकट वकील कुठे मिळतो, आणि सही कशावर करायची नाही

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं (मार्च २०२५)

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनाला भाड्याच्या घरात राहायचो, ७ जानेवारीच्या ईटन आगीत सगळं गेलं. नवरा एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा), मी एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), मुलगी ३ वर्षांची आणि ती इथेच जन्मलेली. रेंटर्स इन्शुरन्स नव्हता. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे म्हणतायत व्हिसावाल्यांना फेमा (अमेरिकन सरकारचं आपत्तीत मदत देणारं खातं) काही देत नाही, उलट अर्ज केला तर पुढे ग्रीन कार्डला नडेल. घरमालक डिपॉझिटचं नावच काढत नाही. वकील परवडणारा नाही. काय करू?
– एक वाचक, सध्या पॅसाडीना

उत्तर: ग्रुपवरचं अर्धं खरं आहे. एच-वन-बी, एच-फोर, स्टुडंट व्हिसा असल्या लोकांना फेमाची रोख मदत स्वतःच्या नावावर मिळत नाही, ती सिटिझन, ग्रीन कार्डवाले, रेफ्युजी वगैरेंनाच. पण तुमची लेक सिटिझन आहे ना! घरात तुमच्यासोबत राहणारं १८ वर्षांखालचं सिटिझन मूल असेल तर आईबाप त्याच्या वतीने अर्ज करू शकतात, नंबर मुलीचा सोशल सिक्युरिटीचा द्यायचा आणि पात्रता तिच्या स्टेटसवर ठरते, तुमच्या नाही. हे ग्रुपवर कुणीच कसं सांगितलं नाही याचं मला नवल वाटतं, कारण आपल्या कितीतरी घरांत हीच परिस्थिती आहे. आणि ग्रीन कार्डची भीती काढून टाका, आपत्तीची मदत पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे हा माणूस सरकारवर भार होईल का हे बघताना, मोजत नाहीत.

या आगीच्या अर्जाची मुदत १० मार्च २०२५ होती ती वाढवून ३१ मार्च २०२५ केली होती, आता ती संपलीये. ऑनलाइन नको वाटणाऱ्यांसाठी तेव्हा अल्टाडेनाच्या वुडबरी रोडवर डिझास्टर रिकव्हरी सेंटर होतं, समोरासमोर बसून फॉर्म भरून द्यायचे. सुरुवातीला तातडीच्या गरजांसाठी ७७० डॉलर द्यायचे, बाकीचं नुकसान बघून. आणि हो, पत्र आलं की तुम्ही पात्र नाही, तर तिथेच हात टेकू नका. बरेचदा एखादा कागद कमी असतो, ओळखीचा पुरावा नाहीतर इतकंच की त्या पत्त्यावर राहत होतो हे सिद्ध झालेलं नसतं. पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं आणि इथेच फुकट वकिलाचा खरा उपयोग होतो.

फुकट वकील कुठे, तर या आगीनंतर फेमाच्या डिझास्टर लीगल सर्व्हिसेसची हॉटलाइन होती, अमेरिकन बार असोसिएशनच्या (वकिलांची राष्ट्रीय संघटना) तरुण वकिलांच्या विभागाची त्यात साथ होती, आणि ही मदत घ्यायला व्हिसाचं स्टेटस आडवं येत नव्हतं. शिवाय पब्लिक काउन्सेल, बेट त्झेडेक, नेबरहूड लीगल सर्व्हिसेस, लीगल एड फाउंडेशन ऑफ लॉस एंजेलिस या सगळ्या जुन्या आणि खऱ्या संस्था आहेत. त्यांच्याकडे उत्पन्नाची अट असू शकते म्हणून एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला फोन करायचा, लाजायचं काय त्यात. कुणाला फोन करायचा हेच सुचत नसेल तर २११ हा मदतीच्या माहितीचा नंबर लावा.

डिपॉझिटचं सोपं आहे. घरच उरलं नाही म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने लीज संपलं, आणि डिपॉझिट २१ दिवसांत परत करायचं किंवा कशापोटी कापलं त्याचा हिशोब द्यायचा हे मालकावर बंधनकारक आहे. आगीने जळालेलं तुमच्या नावावर लावता येत नाही. जानेवारीचं भाडं आधीच भरलं असेल तर ७ तारखेनंतरचंही मागा. फोनवर गोड बोलत बसू नका, ईमेल करा, तारीख घाला, कॉपी ठेवा. पैसे नाहीच दिले तर स्मॉल क्लेम्स कोर्ट (छोट्या रकमेच्या दाव्यांचं) आहे, तिथे वकील लागतच नाही.

पासपोर्ट जळाले असतील तर पोलीस रिपोर्ट करून व्हीएफएसकडून (पासपोर्टचे अर्ज घेणारी कंपनी) अर्ज. आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) ऑनलाइन निघतं आणि आय-७९७ (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याचा कागद) च्या कॉप्या नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाकडे असतातच, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका.

प्रश्न: आमचं घर उभं आहे, आजूबाजूची चार जळाली. आत सगळीकडे राख आणि तो वास. इन्शुरन्सचा माणूस म्हणतो पुसून घ्या, झालं. दोन महिन्यांत तिसरा अॅडजस्टर (नुकसान तपासणारा कंपनीचा माणूस) आलाय, दर वेळी पहिल्यापासून कथा सांगायची. वर एक पब्लिक अॅडजस्टर (फी घेऊन आपल्या बाजूने क्लेम बघणारा) रोज फोन करतो आणि एका वकिलाच्या ऑफिसातून पण फोन आला, इलेक्ट्रिक कंपनीवर केस करू, फक्त सही करा म्हणून. आम्ही दोघं रिटायर्ड आहोत.
– एक काका, अल्टाडेना

उत्तर: काका, सही करू नका. निदान या आठवड्यात तरी नाही. कॅलिफोर्नियात वकिलाने स्वतःहून फोन करून किंवा माणूस पाठवून केस मागणं नियमाला धरून नाही, त्यामुळे ज्याची सुरुवातच अशी त्याच्या पुढच्या कामाचा अंदाज तुम्हीच बांधा. केस करायचीच असेल तर स्टेट बारच्या (राज्यातल्या वकिलांची नोंद ठेवणारी संस्था) साइटवर नाव तपासा आणि वकिलाला किती टक्के, खर्च कुणाच्या हिश्श्यातून कापणार हे लेखी घ्या. फुकट सेवेतले वकील अशा केसेस घेत नाहीत, ज्यात फी मिळू शकते त्या बाहेरच्या वकिलांकडेच जातात. पण करार वाचून समजावून सांगतात का ते विचारा. सरकारी खात्यावर दावा असेल तर काही बाबतीत मुदत फक्त ६ महिन्यांची असते, तेवढं लक्षात असू द्या.

पब्लिक अॅडजस्टर सगळेच वाईट असं मी म्हणत नाही, मोठ्या क्लेममध्ये चांगला माणूस उपयोगी पडतो. पण तो तुमच्या पैशातून टक्केवारी घेतो, आणि जे पत्र तुम्ही स्वतः लिहू शकता त्यासाठी कशाला द्यायची? युनायटेड पॉलिसीहोल्डर्स नावाची ना-नफा संस्था आहे, १९९१ च्या ओकलंडच्या आगीनंतर उभी राहिलेली. तिच्या साइटवर नमुना पत्रं, सामानाच्या याद्या सगळं फुकट आहे, आणि इन्शुरन्स कंपनीकडून पैसे न घेणारी संस्था म्हणून माझा तिच्यावर भरवसा जास्त.

तुम्ही तीन गोष्टी लेखी मागा. एक, पूर्ण पॉलिसीची कॉपी, ती ३० दिवसांत द्यावी लागते. दुसरं, सहा महिन्यांत तीन अॅडजस्टर झाले की कंपनीने क्लेम कुठवर आला ते लेखी कळवायचं आणि एक कायमचा माणूस नेमायचा असा नियम आहे, तो मागा, परत परत कथा सांगायची गरज नाही. तिसरं, राखेची तपासणी, इंडस्ट्रियल हायजिनिस्टकडून, म्हणजे धुळीतले-राखेतले विषारी घटक तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून. अल्टाडेनातली बरीच घरं १९७८ च्या आधीची, म्हणजे शिशाच्या रंगाच्या काळातली, ती जळून तीच राख तुमच्या घरात आलीये. तपासणीआधी फडकं मारूही नका आणि कुणाला मारूही देऊ नका, फोटो काढा. कंपनी दाद देत नसेल तर कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे तक्रार, त्याला पैसे लागत नाहीत आणि तक्रार गेली की फाइल हलते.

कॉन्ट्रॅक्टर लावाल तेव्हा आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली कमी असेल तेवढीच. जास्त मागणारा दारातूनच परत.

प्रश्न: भाचीचं घर त्या आगीत गेलं. आम्ही नातेवाईक मिळून गोफंडमी (ऑनलाइन वर्गणीचं पेज) काढतोय, चालेल ना? – नाशिक

उत्तर: चालेल. फक्त पेजवर 'भाड्यासाठी' किंवा 'फर्निचरसाठी' असं नेमकं लिहू नका, कारण त्याच गोष्टीसाठी फेमाने पैसे दिले तर ते दुबार धरले जाऊ शकतात. आगीनंतरच्या गरजांसाठी असं मोकळं ठेवा, आणि पैसे थेट भाचीच्याच खात्यात जातील असं बघा, मधल्या कुणाच्या नाही.